घाटमाथ्यावरची विलायती शाळा

पावसाळ्यातल्या रविवारी लोणावळ्याहून टायगर पॉइंटकडे जाणाऱ्या गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. कुणी भुशी धरणाच्या पायऱ्यांवर भिजून आलेलं असतं, कुणाच्या हातात मक्याचं कणीस असतं, कुणाच्या मांडीवर चिक्कीची पाकिटं. ही सगळी मंडळी ज्या आवाराच्या कडेकडेने पुढे जातात, ते नौदलाचं आहे हे पाटीवरून कळतं. पण घाटमाथ्यावर नौदलाचं काय काम, असा प्रश्न सहसा गाडीतलं एखादं पोरच विचारतं आणि आई-वडील विषय बदलतात. प्रश्न मात्र रास्त आहे. लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच. समुद्र गाठायचा तर आधी बोरघाट उतरायला हवा.

उत्तर सोपं आहे. या आवारात जहाज हाकायला नव्हे, तर जहाजाच्या पोटातलं इंजिन चालवायला शिकवतात, आणि त्यासाठी समुद्र लागत नाही. १५ फेब्रुवारी १९४५ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर जॉन कॉल्व्हिल यांच्या हस्ते ही संस्था सुरू झाली, तेव्हा तिचं नाव ‘एचएमआयएस शिवाजी’ होतं. हिंदुस्थान प्रजासत्ताक झाला त्या दिवशी, २६ जानेवारी १९५० रोजी, ती ‘आयएनएस शिवाजी’ झाली. परदेशी विद्यापीठांच्या भारतातल्या शाखांची चर्चा सध्या जोरात आहे. लोणावळा ज्यात येतं त्या मावळ तालुक्यात ब्रिटिश विद्यापीठाची शाखा शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. पण ब्रिटिश शिक्षणपद्धती यंत्रांसकट, अभ्यासक्रमासकट, शिस्तीसकट इथे उतरली आणि रुजली याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण हेच आहे. म्हणून या प्रकरणाची सुरुवात विद्यापीठापासून न करता नौदलाच्या फाटकापासून.

त्याआधी हे शिक्षण कुठे मिळायचं? इंग्लंडमध्ये. प्लिमथजवळ कीहॅम इथे १८८० साली रॉयल नेव्हीचं इंजिनिअरिंग कॉलेज उघडलं. पुढे जागा अपुरी पडली तेव्हा जवळच्याच मॅनडनला त्याचा विस्तार झाला. रॉयल इंडियन मरीनमध्ये अधिकारी म्हणून नेमला गेलेला पहिला हिंदी माणूस म्हणजे डी. एन. मुखर्जी, वर्ष १९२८. तेही इंजिनिअर अधिकारीच होते. अधिकाऱ्यांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती तोवर त्यांना बोटीने विलायतेला धाडणं परवडत होतं. दुसऱ्या महायुद्धाने हे गणित मोडलं. युद्धाआधी दोन हजारांच्याही आत असलेलं हिंदी नौदल युद्ध संपता संपता पंचवीस हजारांच्या पुढे गेलं. बॉयलरमन, फिटर, टर्बाइनवर काम करणारे मेकॅनिक झटपट हवे होते, आणि अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्या फिरत असताना एवढी पोरं शिकायला इंग्लंडला कोण पाठवणार? विद्यार्थ्याला शाळेकडे नेणं जमेना, तेव्हा शाळाच विद्यार्थ्याकडे आली. शाखा म्हणतात ती सहसा अशीच निघते, कुणाच्या तरी नडीतून.

नावाची गंमत वेगळीच. ज्या मावळातल्या पोरांना हाताशी धरून महाराजांनी स्वराज्य उभं केलं, त्याच मावळात लोहगड-विसापूरच्या टापूत इंग्रज बादशहाच्या नौदलाने आपल्या शाळेला महाराजांचं नाव दिलं. ते कुणाला सुचलं असेल, कोण जाणे. पण वर्षभरातच, १८ फेब्रुवारी १९४६ रोजी, मुंबईत ‘तलवार’ या नौदलाच्याच प्रशिक्षण केंद्रात नाविकांचा उठाव सुरू झाला आणि साम्राज्याने शिकवलेली पोरं साम्राज्यावर उलटली.

शिकवण्याची रीत पाहायची तर एकच खोली पुरे. जहाजाला भोक पडलं तर काय करायचं, याचा सराव देण्यासाठी इथे गोवा शिपयार्डने बांधलेला एक सांगाडा आहे. आतून तो हुबेहूब जहाजाच्या कप्प्यासारखा दिसतो: पोलादी भिंती, अरुंद दारं, डोक्याला लागतील अशा नळ्या. प्रशिक्षणार्थी आत गेले की सांगाडा डावी-उजवीकडे कलायला लागतो, दिवे मंदावतात आणि भिंतीतल्या भोकांतून पाण्याचे लोट येतात. पोरांच्या हाती लाकडी पाचरी, फळ्या, टेकू आणि हातोडे. पाणी पोटरीपासून गुडघ्यापर्यंत, गुडघ्यापासून कमरेपर्यंत चढत असताना भोकात पाचर ठोकायची, फळी दाबून धरायची, टेकू द्यायचा. ओरडून सांगितलेलं शेजाऱ्यालाही ऐकू येत नाही. हे पुस्तकातून येत नाही आणि पडद्यावरून तर मुळीच नाही. आता आण्विक, जैविक आणि रासायनिक हल्ल्यांपासून बचावाचा सराव देणारी ‘अभेद्य’ नावाची सोयही इथे आहे; ती २०१८ साली सुरू झाली.

कीहॅम-मॅनडनची ही घाटावरची भावकी पुढे मोठी झाली. स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षं काही अधिकारी मॅनडनला जात राहिले, पण हळूहळू शिक्षणाचा भार लोणावळ्याने उचलला. नौदलाच्या इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची पदवी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची. २००९ मध्ये केरळात एळीमला इथे नौदल अकादमी सुरू झाल्यावर कॅडेटांचं पदवी शिक्षण तिकडे गेलं. मित्रदेशांचे नौसैनिक मात्र आज लोणावळ्यात शिकायला येतात. मॅनडनचं मूळ कॉलेज १९९५ साली बंद पडलं. मूळ झाड गेलं, फांदी उभी आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये, पंच्याहत्तर वर्षं पुरी होताना, राष्ट्रपतींनी या संस्थेला निशाण प्रदान केलं.

समुद्राशिवाय समुद्राचं शिक्षण ही मावळची खासियतच होऊन बसली आहे. तळेगावजवळ इंदुरीला तोलानी मरिटाइम इन्स्टिट्यूट, जुन्या मुंबई-पुणे महामार्गालगत टाकवे खुर्दला समुंद्रा इन्स्टिट्यूट. दोन्हीकडे व्यापारी जहाजांसाठी इंजिनिअर घडतात. सागरी अभियंत्याच्या शिक्षणात ‘शिप इन कॅम्पस’ सक्तीचं आहे. म्हणजे जमिनीवर उभारलेली खरीखुरी इंजिन रूम: मुख्य इंजिन, जनरेटर, बॉयलर, पंप, सगळं चालू स्थितीत. भाताच्या खाचरांपलीकडे जहाजाचं इंजिन धडधडतंय, असं दृश्य कोकणातही सहज दिसायचं नाही. इंदुरीची पदवी सुरुवातीला राजस्थानातल्या पिलानीच्या बिट्सची होती. २००८ साली भारतीय सागरी विद्यापीठ स्थापन झाल्यावर ती व्यवस्था बदलली. वर्ग मावळात आणि शिक्का राजस्थानचा, याचं त्या काळात कुणाला नवल वाटलं नाही. कंपनीने पोराला जहाजावर घेतलं की आई-बाप खूश.

वर्ग एकीकडे आणि शिक्का दुसरीकडे, ही युक्ती मुळात लंडनची. लंडन विद्यापीठाला सनद मिळाली १८३६ साली. तेव्हा ते शिकवत नव्हतं. परीक्षा घ्यायचं आणि पदव्या द्यायचं. १८५८च्या सनदेने आणखी एक दार उघडलं: विद्यार्थी कुठे शिकला, कुणाकडे शिकला, याची चौकशी न करता त्याला परीक्षेला बसू द्यायचं. १८६५ मध्ये मॉरिशस बेटावर लंडनची परीक्षा झाली. सीलबंद प्रश्नपत्रिका बोटीने निघायच्या, उत्तरपत्रिका बोटीने परतायच्या. डरॅम विद्यापीठाने १८७५-७६ च्या सुमारास बार्बाडोसचं कॉड्रिंग्टन आणि सिएरा लिओनचं फोरा बे अशी दोन कॉलेजं आपल्याशी जोडून घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर हीच तऱ्हा पश्चिम आफ्रिकेत आणि वेस्ट इंडिजमध्ये गेली. नायजेरियातलं इबादान, घानातलं लेगॉन, जमैकातलं मोना इथली महाविद्यालयं १९४८ पासून लंडनच्या पदव्या देत होती. देश स्वतंत्र झाले तशी ती स्वतंत्र विद्यापीठं बनली.

मुंबई विद्यापीठाचा कायदा १८ जुलै १८५७ चा, आणि त्याचा आराखडा लंडनचाच. तेही आधी परीक्षा घेणारं विद्यापीठ होतं. शिकवायचं ते कॉलेजांनी. पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि १८८५चं फर्ग्युसन ही त्याला जोडलेली. मावळातला एखादा हुशार मुलगा वडगावहून पुण्याला येऊन मॅट्रिकला बसायचा, तेव्हा त्याच्या पुढ्यात येणारी प्रश्नपत्रिका कशी असावी, हे लंडनच्या नमुन्यावर ठरलेलं असायचं. इंग्रजांनी इथे कॅम्पस उघडला नाही. त्याची गरजच पडली नाही. परीक्षा त्यांच्या साच्यातली, म्हणजे अभ्यास आपोआप त्याच साच्यातला. आजच्या परदेशी शाखांना एवढी मुळं धरायला शंभर वर्षं लागतील आणि तरी ते जमेल याची खात्री नाही.

या साच्याला सुरुवातीची एक धडक मावळातूनही बसली, हे फारसं सांगितलं जात नाही. प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकर यांनी १९०६ मध्ये कोल्हापुरात समर्थ विद्यालय काढलं. ते पुढे तळेगाव दाभाड्याला आलं. सरकारी अनुदान नाही, मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक नाही. शिक्षण मराठीतून, जोडीला हाताला काम. सरकारला ते सलणारच. ‘विश्ववृत्त’ मासिकातल्या एका लेखावरून विजापूरकरांना संपादक म्हणून तुरुंगात जावं लागलं आणि १९१० मध्ये शाळेलाच टाळं लागलं. तळेगावचं नवीन समर्थ विद्यालय त्या नावाचा वारसा आजही चालवतं आहे. शिक्क्याशिवाय शिक्षण टिकतं का, हा प्रश्न विजापूरकरांनी विचारला होता. सरकारने उत्तरपत्रिका लिहूच दिली नाही.

त्याच तळेगावात, त्याच वर्षांत, परदेशी विद्या आणण्याचा तिसराच मार्ग आजमावला जात होता. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर एकेक पैसा मागून फंड उभा केला. टिळकांनी त्याला पाठबळ दिलं. या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावात काचेचा कारखाना निघाला. तंत्र शिकवायला आले ईश्वरदास वार्ष्णेय. काचेचं शास्त्र ते जपान आणि अमेरिकेत शिकून आले होते. काच बनवणं कागदावर सोपं दिसतं: वाळू, सोडा, चुनखडी. भट्टीची आच चौदाशे अंशांच्या वर न्यायची, रस नितळ होईपर्यंत बुडबुडे जाऊ द्यायचे, मग पोकळ नळीच्या टोकाला गोळा घेऊन फुंकायचं. पण गोळा नेमका कधी उचलायचा, फुंकर कधी थांबवायची, हे डोळ्याला आणि गालाला कळावं लागतं. ते हातातून हातात जातं. तळेगावात शिकलेली माणसं पुढे देशात ठिकठिकाणच्या काचकारखान्यांत गेली. कारखाना म्हणून पैसा फंडाने किती कमावलं, हा हिशेब दुय्यम आहे. शाळा म्हणून त्याची किंमत जास्त. परदेशी विद्यापीठाला बोलावण्याऐवजी तिथे शिकलेला एक माणूस आणायचा आणि त्याच्या हाताखाली पन्नास तयार करायचे, हा सौदा स्वस्तही होता आणि पक्काही.

लोणावळ्यात तर वाहतूक उलट दिशेनेही झाली. स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी १९२४ मध्ये इथे कैवल्यधाम स्थापन केलं आणि ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक काढलं. नौली-उड्डियान करताना पोटात काय होतं, हे क्ष-किरणाने आणि दाबमापकाने तपासायचं, हा त्यांचा हट्ट. १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर कोवूर थॉमस बेहनन हा मूळचा केरळचा संशोधक लोणावळ्यात येऊन राहिला, प्राणायाम शिकला आणि १९३७ मध्ये त्याचं योगावरचं पुस्तक तिकडे प्रसिद्ध झालं. येलने लोणावळ्यात शाखा काढली नाही. लोणावळ्याने येलच्या माणसाला विद्यार्थी करून घेतलं. परदेशी ज्ञानाबद्दल बोलताना आपण फार वाकतो, म्हणून ही नोंद.

आता आजच्या शाखांकडे वळू. ब्रिटिश विद्यापीठाचं नाव परदेशात तीन तऱ्हांनी विकलं जातं. पहिली: स्थानिक कॉलेज शिकवतं, ब्रिटिश विद्यापीठ अभ्यासक्रम तपासून आपला शिक्का देतं आणि त्याचे पैसे घेतं. दुसरी: दोन वर्षं इथे, उरलेली तिथे. तिसरी, खरी शाखा: विद्यापीठ स्वतः येतं, स्वतःचे शिक्षक नेमतं, पदवी स्वतःच्या नावाने देतं. तिन्ही मिळून ब्रिटनबाहेर राहून ब्रिटिश पदवी घेणाऱ्यांची संख्या सहा लाखांच्या आसपास आहे. तिसऱ्या तऱ्हेतला बिनीचा शिलेदार नॉटिंगहॅम: २००० साली मलेशिया, २००४ मध्ये चीनमधलं निंगबो. त्यापाठोपाठ लिव्हरपूलने २००६ मध्ये चीनच्याच शियान चिआओतुंग विद्यापीठाबरोबर सूचौमध्ये नवं विद्यापीठ काढलं. दुबईत हेरियट-वॉट, मिडलसेक्स, बर्मिंगहॅम गेले.

यातलं अर्थकारण बारकाईने पाहण्यासारखं आहे. जमीन आणि इमारत बहुतेक वेळा स्थानिक भागीदार किंवा सरकार देतं. निंगबोत तसंच झालं. विद्यापीठ आणतं नाव, अभ्यासक्रम, परीक्षेची व्यवस्था आणि वरिष्ठ माणसं. ब्रिटिश पद्धतीत बाहेरचा परीक्षक ही जुनी रीत आहे: एका विद्यापीठाचे पेपर दुसऱ्या विद्यापीठाचा प्राध्यापक तपासून पाहतो. शाखेतही तेच करावं लागतं, नाहीतर मूळ पदवीची पत जाते. खर्च सुरुवातीपासून पूर्ण असतो आणि विद्यार्थी हळूहळू येतात. त्यामुळे पहिली चार-पाच वर्षं घर फुंकून दिवाळी. ज्यांना हे झेपत नाही त्यांची शाखा वठते. वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथ विद्यापीठाने मॉरिशसमध्ये कॅम्पस थाटला. अपेक्षेइतकी मुलं आली नाहीत आणि थोड्याच वर्षांत नवे प्रवेश बंद करावे लागले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने कतारमधला कॅम्पस करार संपल्यावर २०२० मध्ये आवरला. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साऊथ वेल्स विद्यापीठाची सिंगापूरमधली शाखा २००७ मध्ये पहिल्या सत्रातच मिटली.

मग ब्रिटिश विद्यापीठं आत्ताच एवढी उत्सुक का? घरी पैसे कमी पडताहेत म्हणून. इंग्लंडमध्ये स्थानिक पदवी विद्यार्थ्याकडून किती फी घ्यायची याची मर्यादा सरकार ठरवतं. २०१७ ते २०२५ ती वर्षाला ९,२५० पौंडांवर गोठलेली होती, आणि महागाई काही गोठली नव्हती. तूट भरून निघायची ती परदेशी विद्यार्थ्यांच्या फीमधून, आणि त्यात भारतीय पहिल्या दोन-तीनांत. पण २०२४ पासून तिथे वर्गात शिकून करायच्या मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना कुटुंब नेता येत नाही, आणि शिक्षणानंतर राहण्याची दोन वर्षांची मुदतही दीड वर्षावर आणायचं ठरलं आहे. विद्यार्थी येणं अवघड, तर शाळेनेच जायचं. १९४५ सालचं कारण पुन्हा हजर झालं, या वेळी पाणबुड्यांच्या जागी व्हिसा.

भारताचं दार मात्र बराच काळ अर्धवट उघडं होतं. परदेशी शिक्षणसंस्थांचं विधेयक २०१० मध्ये लोकसभेत आलं आणि पुढे न सरकता संपलं. त्या काळात जे झालं ते भागीदारीतून झालं. भोपाळमध्ये लीड्स मेट्रोपॉलिटनच्या नावाने २००९ मध्ये कॅम्पस उघडला, तो काही वर्षांतच भागीदाराच्या स्वतःच्या विद्यापीठात विरून गेला.

मावळच्या शेजारी, मुळशी तालुक्यात, याच सुमारास लवासा हे नवं शहर उभं राहत होतं. वरसगाव धरणाच्या पाण्याकाठी, दासवेच्या डोंगरात, इटालियन रंगाच्या इमारती, आणि जाहिरातीत जगातल्या नामांकित शिक्षणसंस्थांची नावं. ऑक्सफर्डच्या सईद बिझनेस स्कूलचं केंद्र इथे येणार, असं जाहीर झालं होतं. ते आलं नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याची नोटीस दिली, पैशाचं गणित कोलमडलं आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. विद्यापीठाला शहराची गरज असते. इथे उलटा प्रकार होता: शहराला घरं विकायला विद्यापीठ हवं होतं. लवासात बंगळुरूच्या ख्राइस्ट विद्यापीठाचा कॅम्पस मात्र चालला, कारण शिकणारी पोरं कुठून येणार आणि फी किती देणार हे त्यांना ठाऊक होतं. ऑक्सफर्डच्या नावाभोवती तेव्हा पुण्यात जो उत्साह होता, तो मला आजही थोडा केविलवाणा वाटतो.

विद्यापीठाची शाखा कशी असावी हे पाहायला लवासापेक्षा वडगाव मावळला गेलेलं बरं. तिथे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं भात संशोधन केंद्र आहे. फलक साधा, आवार साधं, पर्यटक एकही नाही. मावळातला जुना आंबेमोहोर सुवासिक, पण ताट उंच. पावसात लोळतो आणि उतारा कमी. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ मध्ये दिलेला आयआर-८ हा बुटका, भरघोस उताऱ्याचा, पण चवीला यथातथाच. वडगावच्या केंद्राने आंबेमोहोर १५७ आणि आयआर-८ यांचा संकर करून, पिढ्यान्‌पिढ्या निवड करत १९८७ मध्ये ‘इंद्रायणी’ वाण दिलं. कामशेतपासून पवन मावळापर्यंत आज जो चिकटसर, वासाचा भात शिजतो तो हाच. पुण्यातले दुकानदार ‘मावळचा इंद्रायणी’ म्हणून दोन रुपये जास्त लावतात. केंद्र इथे आलं, कारण इथे पाऊस होता, खाचरं होती आणि अडचण होती. नाव राहुरीचं, अर्धं बी मनिलाजवळचं, चव मावळची.

दारं खरी उघडली ती नोव्हेंबर २०२३ मध्ये, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमावलीने. जागतिक क्रमवारीत, एकूण किंवा विषयवार, पहिल्या पाचशेत असलेल्या विद्यापीठाला स्वतःची शाखा काढता येते. फी तेच ठरवतात, प्रवेशही तेच देतात. या नियमावलीखाली सगळ्यात आधी साऊथॅम्प्टन आलं. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याला इरादापत्र मिळालं आणि वर्षभरात गुरुग्राममध्ये वर्ग भरले. महाराष्ट्रात १४ जून २०२५ रोजी मुंबईत झालेल्या कार्यक्रमात पाच परदेशी विद्यापीठांना इरादापत्रं दिली गेली. त्यांत यॉर्क आणि अ‍ॅबर्डीन ही दोन ब्रिटिश. ब्रिस्टलनेही मुंबईच निवडली. नवी मुंबईत विमानतळाजवळ शिक्षणनगरी वसवण्याची योजना सिडकोकडे आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान कीर स्टार्मर मुंबईत आले तेव्हा नऊ ब्रिटिश विद्यापीठं भारतात कॅम्पस काढणार, हे सांगायला कुलगुरूंचा ताफाच बरोबर होता. मुंबईतल्या शाखांनी २०२६ पासून वर्ग सुरू करायचं जाहीर केलं आहे.

म्हणजे तळेगावची एखादी मुलगी एक्स्प्रेस-वेवरून दोन-अडीच तासांत यॉर्कच्या वर्गात पोचेल. रोजची ये-जा काही शक्य नाही. राहण्याचा खर्च मुंबईचा, फी ब्रिटनपेक्षा कमी पण सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजच्या कितीतरी पट. लंडनला जायचं ते शिक्षणाइतकंच तिथे नोकरी मिळेल या आशेने, हे घरोघरी उघड गुपित आहे. मुंबईतल्या शाखेबरोबर ब्रिटनमध्ये राहण्याचा परवाना येत नाही. उरते ती पदवी आणि शिकवणं. शिकवणं चांगलं असेल तर सौदा वाईट नाही, पण ते आधी तपासायला हवं.

तपासायचं कसं? आयोगाच्या नियमांतच त्याचे धागे आहेत. पदवी मूळ विद्यापीठाच्या नावाने आणि शिक्क्याने मिळायला हवी, आणि मूळ देशात तिला तीच मान्यता हवी. भारतात समकक्षतेचा वेगळा दाखला लागत नाही. एखादा खासगी भागीदार स्वतःच वर्ग चालवून वर परदेशी नाव लावत असेल तर ते नियमात बसत नाही. फ्रँचायझी आणि अभ्यासकेंद्रं यांना मनाई आहे. ऑनलाइन तासांचं प्रमाण अभ्यासक्रमाच्या दहा टक्क्यांपलीकडे जाता कामा नये. परदेशातून नेमलेल्या प्राध्यापकाने निदान एक सत्र इथे राहायला हवं. आठवड्याभरासाठी येऊन, दोन व्याख्यानं देऊन, फोटो काढून परतायचं नाही. माहितीपुस्तिका प्रवेशाच्या साठ दिवस आधी प्रसिद्ध करावी लागते आणि तिच्यात फी, जागा, फी परतीचे नियम हे सगळं लागतं. ती पुस्तिका घरात सगळ्यांनी बसून वाचावी. लग्नाची बोलणी करताना वाचतो तितक्या संशयाने.

आणखी एक प्रश्न माहितीपुस्तिकेत नसतो, तो तोंडी विचारावा. तुमच्या प्रयोगशाळेत काय आहे? व्यवसाय व्यवस्थापन, अर्थशास्त्र, संगणकशास्त्र या विषयांना खोल्या, लॅपटॉप आणि चांगले शिक्षक पुरतात. म्हणून बहुतेक नव्या शाखा तिथूनच सुरुवात करतात. जहाजाचं इंजिन, काचेची भट्टी, भाताचं खाचर यांना पैसा लागतो आणि धीरही. ब्रिटिश विद्यापीठ असा खर्च भारतात कधी करेल? मुलं मिळतील याचा भरवसा बसल्यावर. आणि मुलं कधी येतील? असा खर्च दिसल्यावर. या कोंडीत आधी कोण सरकतं, यावर पुढची दहा वर्षं ठरतील. माझी अटकळ अशी, की पुण्या-चाकणकडच्या कारखान्यांनी मागणी लावून धरली तरच अभियांत्रिकीची खरी शाखा घाटाच्या वर चढेल; तोवर मुक्काम मुंबईतच.

शाखा बंद करायची झाली तर? आयोगाच्या पूर्वपरवानगीशिवाय अभ्यासक्रम किंवा कॅम्पस बंद करता येत नाही, आणि मधेच बंद पडला तर त्या मुलांची दुसरी सोय करण्याची जबाबदारी मूळ विद्यापीठावर आहे. सोय म्हणजे नेमकं काय, कुठल्या शहरात, कुणाच्या खर्चाने, हे प्रवेश घेतानाच लेखी मागून घ्यावं.